थ्री फेज आली, बोर्ड उठेना: ड्रायव्हरमधल्या पॉवर सेव्हिंगकडे वळणाऱ्यांसाठी

कोल्हापूर-सांगलीकडच्या कॉलेजांतून एम्बेडेडकडे वळलेली पोरं भेटली की हमखास विचारतात, "दादा, ड्रायव्हरमध्ये पॉवर सेव्हिंग मोड चालू कसा करायचा?" जणू कुठंतरी एक बटण आहे आणि ते आम्ही लपवून ठेवलंय. ड्रायव्हर म्हणजे एखादं डिव्हाइस चालवणारा, कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) कोड. त्यातून वीज वाचवायला लिनक्समध्ये दोन वेगवेगळ्या व्यवस्था आहेत. अख्खी सिस्टीम झोपते ती एक, म्हणजे सस्पेंड. सिस्टीम जागी असताना न लागणारं एकेक डिव्हाइस झोपतं ती दुसरी, म्हणजे रनटाइम पीएम (पॉवर मॅनेजमेंट). ही दुसरी २००९ मध्ये कर्नल २.६.३२ मध्ये आली. दोन्हींचे कॉलबॅक (वेळ आली की कर्नल बोलावतो ती ड्रायव्हरची फंक्शनं) वेगळे, नियम वेगळे. नवीन माणूस बहुतेक वेळा या दोन्हींची खिचडी करतो.

सुरुवातीला कोड लिहू नका, आपला लॅपटॉप उघडा. सिसएफएसमध्ये (/sys, जिथं कर्नल डिव्हाइसची माहिती फाईलींच्या रूपात दाखवतो) प्रत्येक डिव्हाइसच्या फोल्डरात 'पॉवर' नावाचं फोल्डर असतं आणि त्यात 'कंट्रोल' नावाची फाईल. तिच्यात 'ऑन' लिहिलेलं असेल तर डिव्हाइसला झोपायची परवानगी नाही, 'ऑटो' असेल तर आहे. यूएसबी माऊसचं 'ऑटो' करून हात बाजूला घ्या. यूएसबीचा ठरलेला ऑटोसस्पेंडचा वेळ २ सेकंद. बऱ्याच माऊसचा लाल दिवा विझतो, मग नुसतं हलवून उपयोग होत नाही, क्लिक करावं लागतं. म्हणूनच कर्नल हब सोडून बाकी यूएसबी डिव्हाइसना आपणहून 'ऑटो' करत नाही. पॉवरटॉप या वीज वाचवायच्या टूलमधलं ऑटो-ट्यून एका झटक्यात सगळं 'ऑटो' करून टाकतं. वापरायला ठीक, पण शिकणाऱ्यानं ते वापरूच नये असं माझं मत आहे. कशामुळं काय झालं हे कळायला मार्गच उरत नाही.

आता मुख्य गोष्ट. रनटाइम पीएमचा सगळा खेळ एका आकड्यावर चालतो, त्याला युसेज काउंट म्हणतात. तालमीत शेवटचा पैलवान बाहेर पडताना लाईट घालवतो ना, तसंच. डिव्हाइस वापरायला घेताना ड्रायव्हरनं 'गेट' केलं की आकडा एकानं वाढतो, काम झाल्यावर 'पुट' केलं की कमी होतो. आकडा शून्यावर आला आणि त्याच्याखाली जोडलेलं कुठलं जागं पोर डिव्हाइस नसलं, तरच सस्पेंडचा विचार होतो. एका कोपऱ्यातला एक 'पुट' राहिला की डिव्हाइस जन्मभर जागं. क्रॅश नाही, एरर नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. फक्त बॅटरी उतरते. म्हणून असला बग महिनोन् महिने कुणाला दिसत नाही.

यातला सगळ्यात जुना सापळा म्हणजे 'पीएम रनटाइम गेट सिंक'. डिव्हाइस उठलं नाही आणि फंक्शननं एरर परत दिली, तरी आकडा वाढलेलाच राहतो. एरर आली म्हणून थेट रिटर्न केलं की हिशेब चुकला. हे इतक्या ड्रायव्हरमध्ये झालं की कर्नल ५.१० मध्ये 'पीएम रनटाइम रिझ्यूम अँड गेट' हे वेगळं फंक्शन आलं. ते फसलं तर आकडा आपणच मागे घेतं. नवीन कोडमध्ये तेच वापरा. जुना ड्रायव्हर हातात आला तर आधी एरर पाथ (एरर आल्यावर चालणारा कोड) वाचा, बाकीचं नंतर. कर्नल बांधताना 'पीएम ॲडव्हान्स्ड डीबग' चालू ठेवलं की त्याच 'पॉवर' फोल्डरात 'रनटाइम युसेज' ही फाईल दिसते. 'कंट्रोल' 'ऑटो' असून डिव्हाइस रिकामं बसलंय आणि तिथं १ दिसतोय, तर चोर घरातच आहे.

पीसीआयचा (कॉम्प्युटरच्या आत कार्डं जोडायच्या बसचा) मामला थोडा निराळा. ड्रायव्हरचा प्रोब (डिव्हाइस सापडल्यावर आधी चालणारं फंक्शन) चालायच्या आधीच पीसीआयवाले स्वतः आकडा वाढवून ठेवतात. प्रोबच्या शेवटी 'पुट नोआयडल' किंवा त्याच्या जातीतलं काहीतरी करून ड्रायव्हरनं तो सोडायचा असतो, आणि वरून 'कंट्रोल' फाईलही 'ऑटो' व्हावी लागते. दोन्ही झाल्याशिवाय कार्ड डी३ मध्ये, म्हणजे पीसीआयच्या गाढ झोपेत, जात नाही.

झोपलेल्या डिव्हाइसचं रजिस्टर (त्याची सेटिंग आणि स्थिती ठेवायची जागा) वाचायला गेलात तर काय होतं? पीसीआयवर बहुतेक वेळा सगळे बिट १ येतात. एआरएमच्या बऱ्याच चिपवर त्या ब्लॉकचं क्लॉक बंद असेल तर बस अडकते किंवा थेट ॲबॉर्ट येतो, म्हणजे प्रोसेसरच एरर देतो. शेअर्ड इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची, अनेक डिव्हाइसनी वाटून घेतलेली लाईन) असेल तर हे नक्की कधीतरी होणार, कारण शेजारच्या डिव्हाइसच्या इंटरप्टला तुमचाही हँडलर चालतो. पॉवर पूर्ण तोडली तर रजिस्टरमधली सेटिंग पुसली जातात, ती रिझ्यूममध्ये परत भरायची जबाबदारी ड्रायव्हरची. रेगमॅप (रजिस्टरच्या किमतींची नोंद ठेवणारी कर्नलची सोय) वापरत असाल तर कॅशे 'डर्टी' करून सिंक करा, हातानं यादी लिहीत बसू नका.

एवढं झालं म्हणजे झोपवणं जमलं. पण गिऱ्हाईक पैसे देतं ते उठण्याचे. आमच्याकडं शेतीपंपावर लावायचा एक बोर्ड होता. शेतीच्या फीडरला थ्री फेज ठरावीक तासच मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. लाईट आली की बोर्डानं उठून मोबाईलवर मेसेज टाकायचा, एरवी बॅटरीवर झोपून राहायचं. ऑफिसात टेबलावर दर वेळी उठायचा. शिरोळकडच्या एका मामांच्या उसात लावला आणि तिसऱ्या दिवशी फोन, "साहेब, लाईट येऊन तास झाला, मेसेज कुठाय तुमचा?"

डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे ते सांगणाऱ्या फाईलीत) वेकअप-सोर्स होता, इंटरप्टला सिस्टीम उठवायची मुभा देणारं 'एनेबल आयआरक्यू वेक' होतं, कोडमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती. शेवटी मीटर लावून बघितलं. लाईट आल्याचं कळवणारा ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पलीकडं देणारा भाग) पिन खाली ओढायचा आणि त्या पिनचा पुल-अप (एरवी पिन वर धरून ठेवणारा रेझिस्टर) ३.३ व्होल्टच्या ज्या रेलवर, म्हणजे सप्लायच्या लाईनवर, होता, तीच रेल दुसरा एक ड्रायव्हर सस्पेंडमध्ये बंद करत होता. पुल-अप मेला, पिन कायम खालीच, मग उतरती कड येणार कुठून आणि इंटरप्ट लागणार कसा? टेबलावर मात्र डीबगची सिरीयल केबल जोडलेली असायची. तिच्या तारेतून चिपच्या प्रोटेक्शन डायोडमार्गे त्याच रेलमध्ये व्होल्टेज झिरपत होतं आणि अर्धामेला पुल-अप तग धरत होता. केबल काढली की टेबलावरही बोर्ड उठेना. पुढच्या बोर्डात पुल-अप कायम चालू राहणाऱ्या रेलवर नेला. तेव्हापासून आमच्याकडं सस्पेंडची शेवटची चाचणी सगळ्या केबली काढूनच होते.

चाचणी टप्प्याटप्प्यानं करा. सिसएफएसमधल्या 'पीएम टेस्ट' फाईलमध्ये 'डिव्हाइसेस' लिहून सस्पेंड केलं की कर्नल डिव्हाइस झोपवतो, ५ सेकंद थांबतो आणि परत उठवतो. खरी झोप लागतच नाही, त्यामुळं दोष ड्रायव्हरचा की प्लॅटफॉर्मचा ते वेगळं काढता येतं. नंतर 'आरटीसीवेक' या कमांडनं ठरावीक वेळानं उठायचा गजर लावून रात्रभर लूपमध्ये सोडा. अडकलाच तर बूट करताना कर्नलला 'नो कन्सोल सस्पेंड' हा पर्याय द्या, शेवटच्या ओळी सिरीयलवर दिसतात.

बोर्ड घेताना एक बघा: रास्पबेरी पाय ४ वर सस्पेंड-टू-रॅम (रॅम तेवढी जागी ठेवून बाकी सिस्टीम झोपवणं) मिळत नाही, रनटाइम पीएम शिकायला मात्र चालतो. करंट मोजायला आयएनए२१९ चं छोटं मॉड्यूल पुरतं, पण मायक्रोअँपिअरच्या गप्पा त्याच्यावर मारू नका. ओळखीचं कुणी कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत असेल तर चांगला मीटर दोन तास मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही.

नोकरीचं म्हणाल तर या कामाच्या जागा पुण्या-बंगळुरातच जास्त, इथं थोड्या. पण मुलाखतीत 'डी३ म्हणजे काय' हे सगळेच सांगतात. तुम्ही एका ड्रायव्हरचा आधीचा आणि नंतरचा करंट मोजून नेलात, आणि मधे कुठला 'पुट' राहिला होता ते दाखवलंत, तर समोरचा माणूस खुर्ची पुढं ओढून पुढचे प्रश्न विचारतो.