खाऱ्या पाण्याचा पहिला छोटा टँक: या चुका टाळा

खाऱ्या पाण्याच्या टँकबद्दल मला फोन येतात ते बहुतेक मासा मेल्यावर. टँक लावण्याआधी विचारणारा क्वचितच भेटतो. समोरचा माणूस माशाच्या अंगावरचे ठिपके, कल्ल्यांची धाप, काल काय खाल्लं हे सगळं तपशीलवार सांगत असतो. मी मात्र आधी दोनच गोष्टी विचारतो. पाणी भरून किती दिवस झाले? आणि रोज उडून जाणारं पाणी कशाने भरून काढता? त्यानंतर रोगाचं नाव शोधायची वेळ सहसा येत नाही.

त्याआधी आकाराविषयी. नवखा माणूस ४० लिटरचा टँक घेतो, कारण लहान टँक सांभाळायला सोपा असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात तो अवघड असतो. खडकामागे एखादी गोगलगाय मरून पडली तर २०० लिटरमध्ये कळतही नाही. ४० लिटरमध्ये तिच्यामुळे रातोरात अमोनिया वर जाऊ शकतो. हीटर अडकला, खाणं जास्त पडलं, दोन दिवस कुणी पाहिलं नाही, तर फटका लगेच बसतो. जागा असेल तर ८०-१०० लिटरपासून सुरुवात करा. लहानच हवा असेल तर तोही छान चालतो, पण त्याच्याकडे रोज पाहावं लागतं.

मासा आणायची घाई

नव्या टँकमधलं पाणी नितळ दिसतं आणि तिथेच फसगत होते. माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू खडकावर आणि वाळूत पुरेसे वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. यालाच सायकलिंग म्हणतात. शिवाय समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ च्या आसपास असतो, आणि पीएच जितका वर तितका अमोनियाचा विषारी हिस्सा जास्त. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये मासा ज्या आकड्यावर तगून गेला होता, त्याच आकड्यावर इथे त्याचे कल्ले भाजून निघतात.

‘एखादा काटक डॅमसेल मासा टाका, तोच सायकल करून देईल’ हा सल्ला अजूनही दिला जातो, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. एका जिवाला आठवडेच्या आठवडे विषात ठेवायचं, आपल्याला थांबवत नाही म्हणून! आणि तो डॅमसेल जगला तर सगळा टँक आपलाच समजतो, पुढे आणलेल्या प्रत्येक माशाला हुसकावतो. त्याला पकडायचं म्हणजे रचलेले सगळे खडक उपसायचे.

माझी पद्धत साधी आहे. मासा न टाकता अमोनियम क्लोराइडचं द्रावण घालून अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाख भागांत दोन भाग) आणतो आणि टेस्ट किटने मोजत राहतो. द्रावण मिळालं नाही तर चिमूटभर माशांचं खाणं कुजू देतो. वेळ जास्त लागतो, पण काम होतं. आकडे खाली आले की पुन्हा २ पीपीएम घालतो. २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तरच टँक तयार. मग साठलेलं नायट्रेट कमी करायला निम्मं पाणी बदलतो, एक मासा आणतो आणि पुढच्या माशासाठी निदान दोन आठवडे थांबतो.

इथे एक हमखास होणारी गफलत सांगून ठेवतो. तिसऱ्या दिवशी लोक टेस्ट करतात, अमोनिया शून्य दिसतो आणि सायकल झाली म्हणून मासे आणतात. टँकमध्ये अमोनियाचा उगमच नव्हता, तर तो शून्य असणारच. बाटलीतले जिवाणू मीही वापरतो, त्यांनी वेळ वाचतो. पण बाटलीवर काहीही छापलेलं असो, २४ तासांची चाचणी चुकवायची नाही.

उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी

पाणी उडतं, मीठ मागे राहतं. वाचताना हे इतकं उघड वाटतं की कुणी ही चूक करेल असं वाटत नाही. तरी ही चूक सतत होते, आणि सावकाश होत असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही.

एका ओळखीच्या गृहस्थांचा ४० लिटरचा टँक होता. सायकल नीट झालेली, दोन क्लाउनफिश, एक क्लीनर कोळंबी, थोड्या गोगलगायी. एक दिवस त्यांचा फोन आला: कोळंबी मेली, गोगलगायी काचेवरून गळून पडल्यात, मासे तोंड लावत नाहीत. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, म्हणजे रोगच असणार. मी पोहोचेपर्यंत त्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून तांब्याचं औषध थेट टँकमध्ये ओतलेलं होतं.

मी माझ्या रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणाने, विशिष्ट गुरुत्व (पाणी गोड्या पाण्याच्या तुलनेत किती जड आहे ते) पाहिलं तर १.०३१. त्यांच्याकडचा काट्याचा प्लास्टिक हायड्रोमीटर सुखाने १.०२५ दाखवत होता. काट्यावर मिठाचा थर चढला होता, आणि जड झालेला काटा कमी आकडा दाखवतो. पाणी बदलण्यासाठी म्हणून ते खारं पाणी बादलीत तयार ठेवत, आणि टँकची पातळी उतरलेली दिसली की रोज सकाळी त्यातलंच अर्धा लिटर ओतत.

हिशोब करून पाहा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ४० लिटरमध्ये १४०० ग्रॅम. रोज अर्धा लिटर खारं पाणी म्हणजे रोज १७.५ ग्रॅमची भर. चौदा दिवसांत २४५ ग्रॅम वाढले, की ३५ चे ४१ होतात. मासा हे काही काळ सोसतो. कोळंबी आणि गोगलगायी सोसू शकत नाहीत, म्हणून आधी त्या गेल्या.

आकडा कळल्यावर ते निम्मा टँक उपसून गोडं पाणी भरायला निघाले. मी अडवलं. रोज एक लिटर खारं पाणी काढायचं, तितकंच शुद्ध गोडं घालायचं. ४० लिटरमध्ये त्याने खारटपणा दिवसाला लिटरमागे साधारण एकेक ग्रॅमने उतरतो आणि जिवांना जुळवून घ्यायला वेळ मिळतो. दोन्ही मासे वाचले. टँक मात्र वाचला नाही, कारण तांबं खडकात आणि वाळूत मुरलं होतं. पुढे आणलेल्या गोगलगायी मरत राहिल्या आणि शेवटी सगळा खडक व वाळू बदलून सायकलिंग पहिल्यापासून करावं लागलं. औषधाला माझा विरोध नाही. तांब्याचं औषध वेगळ्या, खडक-वाळू नसलेल्या टँकमध्येच द्यायचं, आणि तेही आधी खारटपणा व तापमान मोजल्यावर.

मी काचेवर बाहेरून टेपची पट्टी चिकटवतो आणि रोज खाणं घालण्याआधी त्या रेषेपर्यंत शुद्ध गोडं पाणी भरतो. गोड्या पाण्याची बादली एका रंगाची, खाऱ्याची दुसऱ्या. दोन्हींना साबण कधी लागू देत नाही. आपोआप पाणी भरणारं यंत्र मिळतं, पण पहिले काही महिने हातानेच भरा असं माझं ठाम मत आहे. त्या निमित्ताने रोज टँकसमोर उभं राहणं होतं, आणि कोण खात नाही, कोण लपून बसलंय हे तेव्हाच दिसतं. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार असलेल्या) द्रावणावर जुळवा. शुद्ध पाण्यावर जुळवलेला स्वस्तातला रिफ्रॅक्टोमीटर नेमका ३५ पाशी चुकू शकतो.

बाकीच्या, थोडक्यात

नळाचं पाणी नको. क्लोरीन काढता येतो, पण फॉस्फेट, नायट्रेट आणि तांबं राहतं आणि शेवाळ माजतं. घरच्या आरओवर विसंबण्याआधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, मोजा. पिण्याच्या पाण्यासाठीची अनेक यंत्रं चवीसाठी खनिजं परत मिसळतात. टँकसाठीचा आकडा शून्याजवळ हवा.

स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, मत्स्यालयाचं मिश्रणच लागतं. पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका. नाहीतर कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं आणि पाणी गढूळ होतं. बादलीत छोटा पंप सोडून रात्रभर फिरू द्या. जीव असलेल्या टँकमध्ये मीठ विरघळवणं हा शुद्ध आळस आहे.

सुरुवातीला काचेवर, वाळूवर तपकिरी थर येतो. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ असतात. काच पुसा, बाकी सोडून द्या. शेवाळनाशक ओतू नका.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. काढलेल्या खाऱ्या पाण्यातच पिळा.

नवा मासा थेट टँकमध्ये सोडू नका, आधी वेगळ्या टँकमध्ये ठेवून पाहा. क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे खाऱ्या पाण्यातला इक (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा परजीवी), एकदा आत शिरला की माशाविना टँक ७६ दिवस रिकामा ठेवायची पाळी येते. घाई करणाऱ्यांना वेगळ्या टँकमधले काही आठवडे जड जातात. त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

लाइव्ह रॉक, म्हणजे जीव वसलेला समुद्री खडक, कधीही उकळू नका. त्यावरच्या काही झोअँथिड प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे विष असतं, ते वाफेबरोबर श्वासात गेल्यास माणूस रुग्णालयात पोहोचतो.

वायर सॉकेटच्या खाली लोंबती राहील अशी लावा, म्हणजे ओघळणारं पाणी तिथेच गळून पडेल. वर जाळीचं झाकण हवं; फायरफिश आणि रास (wrasse) हे मासे उडी मारतात.

माशांच्या निवडीबद्दल मी कुणाचंच ऐकत नाही. निळा टँग ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्याला छोट्या टँकमध्ये ठेवणं क्रूरपणा आहे. क्लाउनफिशला समुद्रफूल लागतंच असं नाही. बंदिस्त पैदाशीची जोडी त्याशिवाय आनंदाने राहते, आणि समुद्रफूल नव्या टँकमध्ये टिकत नाही. मँडरिन मासा पाहून मोह होतो, पण तो दिवसभर खडकावरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत फिरतो. नव्या छोट्या टँकमध्ये ते पुरेसे नसतात, दिलेलं खाणं तो बहुधा घेत नाही, आणि काही आठवड्यांत पोट खपाटीला जाऊन मरतो.