मदतनीस भत्ता हवाय? आधी कार्ड काढा

मी गट साधन केंद्रात, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्रात, विशेष शिक्षिका आहे. दिव्यांग मुलांचे पालक मदतनीस भत्त्याचं, म्हणजे मुलाला शाळेत ने-आण करणाऱ्या, मदत करणाऱ्या माणसासाठीच्या पैशांचं विचारतात, मी विचारते, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र आहे का? नसेल तर स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज करा. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

मग मुख्याध्यापकांना अर्ज. ‘मदत मिळावी’ एवढंच लिहून भागत नाही. शाळेत कोण आणून सोडतं, शी-शूला कोण नेतं, जेवण कोण भरवतं, सगळं लिहा. लाजू नका.

यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, मुलाची दिव्यांग म्हणून नोंद झालीय का, ते स्क्रीनवर स्वतः बघा. तिथे नोंदच नसेल तर समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचा भत्ता येणार कुठून? याच योजनेत दिव्यांग मुलींना वेगळा प्रोत्साहन भत्ता आहे, दरमहा 200 रुपये, 10 महिने. तुटपुंजा, तरी सोडू नका. अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या.