शॉर्टफिल्म करताय? ड्रोन भाड्याने आणायच्या आधी हे करा

मित्रांनी मिळून केलेल्या शॉर्टफिल्म मी आवडीने बघतो, आणि बऱ्याचदा सुरुवात सेमच असते, ड्रोनने डोंगर, मग स्लो मोशनमध्ये चालणारा हिरो, मागे उदास पियानो, आणि दोन मिनिटं झाली तरी ह्या माणसाला नक्की काय पाहिजे ते कळत नाही. पोरांनी जीव तोडून मेहनत घेतलेली असते म्हणून जास्त वाईट वाटतं.

कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी एका वाक्यात लिहा, कोणाला काय पाहिजे आणि आडवं काय येतंय. "एकटेपणावर फिल्म आहे" असं नका लिहू, तो विषय झाला, गोष्ट नाही. समजा मुलगा गावी आलाय, वारलेल्या बाबांची लुना भंगारात द्यायची म्हणून, आणि आई ती अजून रोज पुसते. झालं, पाच मिनिटांच्या फिल्मला एवढं पुरतं. आता ही गोष्ट कोणालातरी तोंडी सांगा, मोबाईलमधलं काहीही न दाखवता. ऐकणारा जिथे इकडेतिकडे बघायला लागेल तिथे खूण करा, तिथलं लिखाण परत करायचंय.

मग स्टाईल. मी स्टाईलच्या विरोधात अजिबात नाही, पण प्रत्येक शॉटला विचारा की आत्ता आपण कोणाच्या मनाजवळ आहोत? भंगारवाला भाव सांगतो तेव्हा क्लोजअप कोणाचा, मुलाचा, का आईच्या हातातल्या फडक्याचा? मी फडक्याचा घेईन, आणि तोपर्यंत एकही क्लोजअप वापरणार नाही, कारण पहिल्यापासून चेहरेच चेहरे दाखवले तर त्या फडक्याला काही वजनच राहत नाही. ड्रोनचंही तेच, ह्या गोष्टीत वरून बघणारं कोणीच नाही, मग कशाला? कलरपण जपून, ट्यूबलाईटमधलं घर फिकट दिसतं तर दिसू दे, रेडिमेड लट (LUT, म्हणजे एका क्लिकमध्ये रंग बदलणारी तयार सेटिंग) टाकून ते निळं-नारिंगी केलं की ते घर कोणाचंच राहत नाही.

घरात स्लो मोशन करणार असाल तर एक सांगतो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साध्या चोकवाल्या ट्यूबचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो, आणि सेकंदाला 120 फ्रेमने शूट केलं की चित्र लुकलुकतं. त्यापेक्षा घरात स्लो मोशन सोडा, सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवा, बहुतेक त्रास तिथेच संपतो.

पैसे असतील तर ते लेन्सवर नाही, आवाजावर घाला. थोडं हललेलं चित्र लोक चालवून घेतात पण संवाद कळला नाही की संपलंच. कॉलर माईक घ्या, पंखा आणि फ्रीज बंद करा (गाडीची चावी फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे निघताना तो परत चालू करायला विसरणार नाही), आणि सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता 30 सेकंद रेकॉर्ड करा, एडिटला सांधे बुजवायला ती लागतेच लागते.

एडिटला म्युझिक सगळ्यात शेवटी लावा. आधी एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून नुसतं ऐका. माझ्या एका फिल्ममध्ये पावसाचा 40 सेकंदांचा शॉट होता, पूर्ण दिवस घालवून घेतलेला, दिसायलाही सुंदर, पण लोक नेमके तिथेच चुळबुळ करायचे. खूप दिवस हिंमत होत नव्हती, शेवटी काढला आणि त्याच्या पुढचा बाप-लेकीचा सीन पहिल्यांदा नीट पोचला. तो शॉट अजून माझ्या हार्डडिस्कवर आहे, ठेवलाय जपून.

फायनल करायच्या आधी तीन अनोळखी माणसांना दाखवा. आवडली का असं विचारू नका, त्या मुलाला काय पाहिजे होतं एवढंच विचारा. उत्तर "शॉट्स भारी आहेत" असं आलं तर एडिटला परत बसा, आणि तिघांनीही लुनाचं नाव काढलं की बिनधास्त फेस्टिव्हलला पाठवा.