वाटेवरचा चहा: खारं पाणी, उन्हातलं दूध आणि पऱ्हाटीचा जाळ

घराबाहेर चहा बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्याने, नाहीतर दुधाने. पत्ती तर घरचीच असते. म्हणून निघण्याआधी या दोन्हींची सोय बघा.

अकोल्याहून शेगावला पायी निघालात की वाट खारपाणपट्ट्यातून जाते. इथल्या बोअरच्या खाऱ्या पाण्यात चहा मचूळ लागतो, साखर वाढवूनही चव सुधारत नाही. चहापुरतं गोडं पाणी सोबत ठेवा. चौघांच्या एका चहाला 300 मिली लागतं.

उन्हाळ्यात दूध निघतानाच उकळून, गार करून स्टीलच्या डब्यात भरा आणि डब्याला ओलं फडकं गुंडाळा. तरी चार तासांपलीकडे त्याचा भरवसा धरू नका. त्यापुढे दूध पावडर बरी: 200 मिली कोमट पाण्यात 25 ग्रॅम आधी घोटून घ्या. कोरडी पावडर उकळत्या चहात टाकली की गुठळ्या होणारच.

तीन दगड आडोशाला मांडा. तुराटी, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, भसकन पेटते आणि लगेच विझते, म्हणून ती पेटवण्यापुरती. जाळ पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचा ठेवा. गंजाच्या (पातेल्याच्या) बुडाला बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप द्या, म्हणजे काजळी मातीसोबत धुऊन निघते. मेळघाटच्या जंगलात मात्र चूल अजिबात पेटवू नका, तो गुन्हा आहे. वाळल्या पानांत एक ठिणगी पुरते.

आता चहा, चार लहान कपांचा:

1. 300 मिली पाण्यात 4-5 चमचे साखर आणि अंगठ्याच्या पेराएवढं आलं ठेचून टाका. तीन मिनिटं खळखळ उकळू द्या. इथे घाई नको. कच्च्या आल्यातल्या पाचक द्रव्याने दूध फाटतं. नीट उकळलं की त्याचा जोर जातो.

2. बारीक दाणेदार पत्ती, 3 सपाट चमचे. दोन मिनिटं पुरे, जास्त उकळली की तुरट होते. चिखलदऱ्याला मिनिटभर वाढवा; तिथल्या उंचीवर पाणी साधारण 96 अंशांनाच उकळतं.

3. दुधाची शंका असेल तर सगळं ओतू नका. पळीत दोन चमचे घेऊन जाळावर धरा. फाटलं तर दूध बाजूला ठेवा आणि तयार कोरा चहा लिंबू पिळून प्या, तोही झकास लागतो. चांगलं निघालं तर 200 मिली घाला.

4. चहा दोनदा वर येऊ द्या, मग गाळा.

गुळाचा चहा हवा असेल तर साखर वगळा आणि गूळ चहा उतरवल्यावर, शेवटी घाला. दुधासोबत उकळला तर चहा फाटू शकतो.

रेल्वेत गॅस-स्टोव्ह नेता येत नाही आणि डब्यातल्या मोबाइलच्या सॉकेटला किटली लावायलाही मनाई आहे. तिथे थर्मासमध्ये साखर-आल्याचा गाळलेला कोरा चहा न्या. दुधाचा चहा थर्मासमध्ये दोन तासांत वास मारू लागतो. दूध वेगळं ठेवून पिताना कपात घाला.