कणेरी मठाला जाताना आजीकडून यादी घ्या

कणेरीच्या सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात माणसाएवढे पुतळे बघत मुलं पळत सुटतात आणि घरी आल्यावर त्यांना काहीच आठवत नाही. कोल्हापूरपासून 10-12 किलोमीटरच आहे, पण फेरी फुकट जाते.

1. आदल्या रात्री आजीला विचारून जुन्या घरातल्या वस्तूंची नावं कागदावर लिहा: जातं, उखळ-मुसळ, रवी, शिंकाळं, पाटा-वरवंटा. पाच-सहा पुरे.
2. तिथं मुलांनीच त्या शोधायच्या. सापडली की खूण करायची. बारा बलुतेदारांच्या कामांतली अवजारंही यादीत घातली तर मोठेही रमतात.
3. न सापडलेलं नाव तिथूनच आजीला फोन करून विचारा. ती जे सांगते ते पाटीवर नसतं!

बराच भाग उघड्यावर आहे, म्हणून सकाळीच जा. पुतळ्यांना हात लावू देऊ नका.