घर बांधायला देताय? अ‍ॅडव्हान्स देण्याआधी कंत्राटदाराचं हे तपासा

कंत्राटदार आपलं काम दाखवायला नेतो ते बहुतेक नुकतं रंग दिलेलं घर असतं. त्यावरून काही कळत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून किमान दोन पावसाळे काढलेलं घर दाखवायला सांगा. ‘मालक परदेशात आहे’, ‘चावी नाही’ अशी उत्तरं लागोपाठ येऊ लागली तर तिथेच सावध व्हा.

घर बघायला मिळालं की आधी छज्जाची खालची बाजू पाहा. कडेला पाणी तोडणारी खाच नसेल, तर पाणी छज्जाच्या पोटावरून मागे वळून भिंतीत शिरतं. मग बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवर फुगलेला रंग किंवा पांढरे क्षार आहेत का ते बघा. सगळ्यात बोलकी खूण स्लॅबच्या खाली असते: सारख्या अंतरावर समांतर गेलेल्या तपकिरी रेषा. म्हणजे सळईवर पुरेसं काँक्रीट नाही आणि आत गंज धरलाय. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. किनारी हवेतल्या कामासाठी आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात सळईवर 45 मिलिमीटर कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आणि किमान एम-30 ताकदीचं काँक्रीट सांगितलंय. कव्हर किती ठेवणार, असं विचारल्यावर ‘नेहमीसारखंच’ म्हणणारा माणूस सोडून द्या.

आता कोटेशन. ‘चौरस मीटरला इतके’ एवढी एकच ओळ असेल तर ते कोटेशन नव्हे. काँक्रीटचा ग्रेड, सळईचा ग्रेड (एफई 500डी वगैरे), सिमेंटचा प्रकार, गिलाव्याची जाडी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग कशाने, विजेचे पॉइंट किती, पोर्च क्षेत्रफळात धरलाय का, हे सगळं लिहून यायला हवं. सेप्टिक टँक, कंपाउंड वॉल आणि वाळवी-प्रतिबंधक फवारणी बहुतेक वेळा बाहेर राहते आणि भांडण तिथूनच सुरू होतं. तीन कंत्राटदारांकडून कोटेशन घेतलीत आणि एकाचा आकडा बराच खाली असेल, तर तो कुठे वाचवतोय ते विचारा. समाधानकारक उत्तर मिळणं कठीणच, कारण वाचवायच्या जागा सिमेंट, सळई आणि रेती याच असतात.

सळई मोजायला सोपी आहे. 12 मिलिमीटरची सळई मीटरला 0.888 किलो भरते, म्हणजे 12 मीटरची अख्खी सळई साधारण 10.66 किलो. 10 मिलिमीटरची मीटरला 0.617, 8 ची 0.395. वजन पाच-सात टक्क्यांहून जास्त कमी भरलं तर तो माल परत पाठवावा. वजन करायला हरकत घेणारा कंत्राटदार मुळातच नको.

रेती कुठून येते हे नक्की विचारा. रात्री, कागदाशिवाय येणारी रेती बेकायदेशीर असू शकते. आणि मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोल या भरती-ओहोटीच्या नद्या असल्याने मुखाकडची रेती खारट निघते. तिच्यातला क्लोराइड सळईला आतून गंज लावतो. वाहतुकीचा परवाना मागा आणि रेतीचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या.

त्याच्या चालू साइटवर न सांगता जा, शक्य तर स्लॅब ओतायच्या दिवशी. मिक्सरमध्ये पाइपने अंदाजे पाणी सोडत असतील तर तिथून परता. पाण्याचं सिमेंटशी वजनी प्रमाण 0.45 धरलं तर 50 किलोच्या सिमेंटच्या गोणीला एकूण 22.5 लिटर पाणी, आणि त्यात ओल्या रेतीतलं पाणीही आलं. पातळ काँक्रीट ओतायला सोपं जातं, म्हणून गवंडी पाणी वाढवतात. ताकद मात्र घटते. काँक्रीटची ताकद तपासायचे ठोकळे पाडायला साइटवर 150 मिलिमीटरचे क्यूब साचे दिसतात का? नसतील तर चाचणीचं बोलणं तोंडदेखलं. आठवड्यापूर्वी ओतलेला स्लॅब कोरडा पडलेला दिसला, तर पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंटला लागणारं किमान दहा दिवसांचं क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) तिथे होत नाही हे उघड आहे.

मेच्या शेवटी पाया खोदायला उतावीळ होणाराही धोक्याचा. जूनमध्ये खड्ड्यात पाणी भरतं, बाजूची माती ढासळते आणि बिल तुमच्याकडेच येतं.

‘काम सुरू करूया, लायसन मागाहून येईल’ हे वाक्य ऐकलं की थांबा. सनद (जमीन बिगरशेती केल्याचा दाखला), नगर नियोजन खात्याची मान्यता आणि पंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना आधी हवा. बेकायदा बांधकामाची नोटीस जमीनमालकाच्या नावे निघते, कंत्राटदाराच्या नव्हे. त्याचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकून बघा. गोव्यातला क्रमांक 30 ने सुरू होतो, महाराष्ट्रातला 27 ने. शेजारच्या राज्याचा असणं हा दोष नाही, पण बिलावरचं, पोर्टलवरचं आणि बँक खात्यावरचं नाव एकच हवं. पैसे ‘भावाच्या खात्यात’ मागितले तर करार करू नका.

फ्लॅटच्या बाबतीत रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याने नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तुमच्याच भूखंडावर घर बांधून देणाऱ्या कंत्राटदाराला मात्र हे कलम लागू होत नाही, म्हणून तोच आकडा स्वतःच्या करारात घाला. पुढचे हप्ते काम झाल्यावर: जोतं, लिंटेल (दारं-खिडक्यांवरची तुळई), स्लॅब, गिलावा. शेवटचे 5 टक्के पहिला पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवा. दुरुस्तीची मुदत आणि उशिराचा दंडही लेखी घ्या. घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायद्याखालची सेवा आहे. वाद झाला तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते, आणि तिथे करार, पावत्या व साइटचे तारखेसह फोटो लागतात.