घरच्या संगणकातील स्पायवेअर आणि जाहिरातींचे ट्रॅकर कसे हटवावेत

गेल्या उन्हाळ्यात इंदूरच्या राजेंद्रनगरमध्ये राहणाऱ्या माझ्या मावशीचा फोन आला. तिच्या संगणकाच्या पडद्यावर उजवीकडे खालच्या कोपऱ्यात दर पाच-सात मिनिटांनी एक लाल चौकट येत होती आणि संगणकात पाच व्हायरस सापडल्याचे सांगून ताबडतोब स्कॅन करायला बजावत होती. मी पोहोचलो तेव्हा मावशी म्हणाली, "अरे, मी काहीच केलं नाही. मराठी टायपिंगसाठी फॉन्ट हवा होता, तेवढा उतरवून घेतला." निम्मे निदान तिच्या या वाक्यातच झाले. घरगुती संगणकात शिरणारी हेरगिरी बहुतेक वेळा कुलूप तोडून येत नाही. काहीतरी फुकट मिळवताना आपणच 'अलाऊ' किंवा 'नेक्स्ट' दाबून तिला आत घेतलेले असते. म्हणून ती कोणत्या दाराने आली हे आधी शोधावे आणि काढण्याचे काम त्यानंतर हाती घ्यावे.

त्याआधी एक फरक मनात पक्का असायला हवा, कारण तो न कळल्यामुळे लोक चुकीचे औषध घेतात. स्पायवेअर हा तुमच्या संगणकावर बसवला गेलेला प्रोग्राम असतो. तो तुम्ही दाबलेली अक्षरे टिपतो, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतो, किंवा शोधयंत्र बदलून तुम्हाला भलत्याच पानांवर नेतो. जाहिरातींचा ट्रॅकर तुमच्या संगणकावर बसवलेला नसतो. तो तुम्ही उघडलेल्या पानावर असतो आणि तुम्ही कुठून आलात, काय पाहिले, किती वेळ थांबलात याची नोंद दूरच्या सर्व्हरवर करतो. स्पायवेअर घरात घुसलेला चोर आहे, तर ट्रॅकर बाजारात तुमच्या मागे वही घेऊन फिरणारा माणूस आहे. अँटिव्हायरसच्या स्कॅनने ट्रॅकर थांबत नाहीत आणि जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनने, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या जोड-प्रोग्रामने, स्पायवेअर निघत नाही.

संशय येताच पहिले काम म्हणजे इंटरनेट तोडणे. वाय-फाय बंद करावे किंवा मागची केबल काढावी, म्हणजे आत काही असलेच तर त्याचे बाहेर माहिती पाठवणे थांबते. त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. आणि पडद्यावर येणारी चौकट ज्या 'क्लीनर'ची शिफारस करते तो कधीही उतरवू नये. ते म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे होय.

मावशीच्या पडद्यावरची लाल चौकट हा व्हायरस नव्हताच. कुठल्यातरी पानाने 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' असे सांगून तिच्याकडून सूचना पाठवण्याची परवानगी मिळवली होती आणि क्रोम त्या पानाच्या जाहिराती सूचनांच्या रूपात दाखवत होता. अशा वेळी क्रोमच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', तेथून 'साइट सेटिंग्ज' आणि मग 'नोटिफिकेशन्स' उघडावे. परवानगी मिळालेल्या पत्त्यांची यादी तेथे दिसते. ओळखीचे नसलेले सर्व पत्ते काढून टाकावेत आणि यापुढे कोणत्याही साइटने ही परवानगी मागूच नये असा पर्याय निवडावा. मावशीच्या यादीत अकरा पत्ते होते, त्यांतला एकही तिच्या ओळखीचा नव्हता. ते काढताच चौकट थांबली.

मात्र येथे समाधान मानून उठू नये. विंडोजच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'ॲप्स' आणि त्यात 'इन्स्टॉल्ड ॲप्स' उघडून यादी तारखेनुसार लावावी. त्रास सुरू झाल्याच्या सुमारास आलेले प्रोग्राम त्यामुळे एका ठिकाणी येतात. 'पीडीएफ कन्व्हर्टर', 'ड्रायव्हर अपडेटर', 'पीसी ऑप्टिमायझर' अशा नावांचे, कोणीही मुद्दाम न बसवलेले प्रोग्राम तेथूनच काढावेत. दुसऱ्याला दूरवरून तुमचा संगणक चालवू देणारे एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर यांसारखे प्रोग्राम मुळात वाईट नाहीत, पण ते तुम्ही स्वतः घेतलेले नसतील किंवा फोनवरच्या एखाद्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून घेतले असतील, तर ते क्षणभरही ठेवू नयेत. त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि संगणक सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी पाहावी.

ब्राउझरची तपासणी सर्वांत सावकाश करावी, कारण घरगुती संगणकावर लपायला याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. एक्स्टेन्शनच्या पानावर जाऊन प्रत्येक नाव वाचावे आणि ते कोणी, कशासाठी बसवले हे घरातल्या सर्वांना विचारावे. उत्तर मिळाले नाही तर ते काढावे. काढलेले एक्स्टेन्शन दुसऱ्या दिवशी परत आले तर दोन शक्यता असतात. एक म्हणजे त्याच खात्याने चालणाऱ्या दुसऱ्या संगणकावर ते अजून आहे आणि सिंकमधून, म्हणजे एकाच खात्याची सेटिंग्ज सर्व संगणकांवर सारखी ठेवणाऱ्या सोयीतून, परत येते. दुसरी म्हणजे कोणीतरी ब्राउझरला सक्तीचे, तुम्हाला बदलता न येणारे धोरण लावून ठेवले आहे. ही दुसरी शक्यता ओळखण्याची खूण सोपी आहे. क्रोमचा तीन ठिपक्यांचा मेनू उघडल्यावर अगदी तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असे दिसते का ते पाहावे. कार्यालयाच्या संगणकावर ते योग्यच असते. घरच्या संगणकावर ते दिसले आणि एखाद्या अँटिव्हायरसमुळे आलेले नसेल, तर नक्की काहीतरी बिघडलेले आहे असे समजावे.

आणखी एक जागा सहसा कोणी पाहत नाही. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडावे आणि 'टार्गेट' या ओळीच्या शेवटापर्यंत कर्सर न्यावा. मावशीच्या संगणकावर प्रोग्रामच्या नावापुढे एक मोकळी जागा आणि तिच्यापुढे एका अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला होता. सेटिंग्जमध्ये मुखपृष्ठ कितीही वेळा बदलले तरी तेच पान का उघडते, याचे उत्तर त्या ओळीत होते. जादा मजकूर खोडून 'ओके' दाबले की काम होते. तसेच 'नेटवर्क अँड इंटरनेट'मधील 'प्रॉक्सी'च्या पानावर प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे तुमची इंटरनेटवरची ये-जा स्वतःमार्फत वळवणारा मधला संगणक, आपोआप चालू झालेला नाही ना, हेही पाहून घ्यावे. इतके करूनही ब्राउझर भरकटत असेल तर त्याची 'रीसेट सेटिंग्ज' ही सोय वापरावी. तीमुळे एक्स्टेन्शन बंद होतात आणि कुकीज (संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) जातात, पण बुकमार्क व साठवलेले पासवर्ड राहतात.

आता स्कॅन. विंडोज 10 आणि 11 या दोन्हींत मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून असतो आणि माझ्या मते घरगुती वापराला तो पुरतो. स्कॅनपूर्वी इंटरनेट थोडा वेळ जोडून त्याच्या व्याख्या, म्हणजे घातक प्रोग्राम ओळखण्याच्या खुणांची यादी, अद्ययावत कराव्यात. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' आणि त्याखालील 'स्कॅन ऑप्शन्स' उघडून आधी 'फुल स्कॅन' करावा, मग ऑफलाइन स्कॅन. या दुसऱ्या प्रकारात संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून राहणारे प्रोग्राम सापडण्याची शक्यता वाढते. दुसरे मत हवे असल्यास मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती किंवा त्याच कंपनीचा ॲडडब्ल्यूक्लीनर घ्यावा, मात्र तो त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच. 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये 'पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग' चालू आहे याचीही खात्री करावी, कारण ज्यांना धड व्हायरस म्हणता येत नाही असे नकोसे प्रोग्राम ही सोय अडवते.

डिफेंडरच्याच सेटिंग्जमध्ये तळाशी 'एक्स्क्लूजन्स' नावाची यादी आहे, ती अवश्य उघडावी. या यादीतल्या फोल्डरांत डिफेंडर पाहतच नाही. मावशीचा संगणक काही वर्षांपूर्वी एका दुकानातून जुळवून आणलेला होता आणि विकणाऱ्याने परवाना न घेता क्रॅक, म्हणजे परवान्याची तपासणी चुकवणारा बेकायदा प्रोग्राम, वापरून विंडोज चालू करून दिले होते. तो क्रॅक सापडू नये म्हणून त्याचे फोल्डर त्याने या यादीत टाकले होते. मावशीने पूर्ण पैसे मोजले होते, बिलही घेतले होते, आणि तरी तिच्या घराचा एक कोपरा पहारेकऱ्याला कायमचा बंद करून ठेवला गेला होता. याचा मला आजही संताप येतो. संगणक जुळवून घेताना विंडोजच्या परवान्याचा उल्लेख बिलावर मागावा. आणि संगणक अजून विंडोज 10 वर असेल तर मायक्रोसॉफ्टने त्याचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपवला आहे, हेही ध्यानात ठेवावे.

क्रॅक किंवा पासवर्ड चोरणारा प्रोग्राम सापडला, तर मी साफसफाईवर विसंबत नाही. संगणक मुळापासून रीसेट करतो. त्याआधी फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या ड्राइव्हवर घ्यावीत, इन्स्टॉलरच्या फाइली मात्र घेऊ नयेत. मराठी घरांसाठी येथे एक विशेष सूचना आहे: जुन्या फाइली श्रीलिपी किंवा शिवाजी यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील, तर फॉन्टच्या फाइलीही सोबत जपून ठेवाव्यात, नाहीतर लग्नाच्या यादीपासून आजोबांच्या आठवणींपर्यंत सगळे अगम्य चिन्हांत दिसू लागेल. मग 'रिकव्हरी'मध्ये 'रीसेट धिस पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि 'क्लाउड डाउनलोड' हे पर्याय निवडावेत.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून; आजारी संगणकावर टाइप केलेला नवा पासवर्डही चोराला मिळतो. सुरुवात ई-मेलपासून करावी, कारण बाकी सर्व खात्यांची किल्ली तेथेच असते. केवळ पासवर्ड बदलून भागत नाही. चोर प्रोग्राम लॉगिन झाल्याची खूण असलेली कुकीही उचलतात आणि तिच्या जोरावर पासवर्डशिवाय आत राहू शकतात. म्हणून खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन सर्व उपकरणांवरून साइन आउट करावे आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न करता बँकेला आणि 1930 या राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइनला फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक.

आता वही घेऊन फिरणाऱ्या माणसाकडे, म्हणजे ट्रॅकरकडे वळू. कुकीचा शोध 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी लावला तो संकेतस्थळाला आपला ग्राहक आठवावा म्हणून. पुढे जाहिरात कंपन्यांनी हजारो संकेतस्थळांवर आपले तुकडे पेरले, कधी डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पिक्सेलच्या चित्राच्या रूपात. त्यामुळे एका साइटवर पाहिलेली पैठणी दुसऱ्या साइटवर बातमी वाचतानाही समोर येऊ लागली. सफारीने 2020 पासून अशा परक्या कुकीज पूर्णपणे अडवल्या आणि फायरफॉक्सने 2022 मध्ये प्रत्येक साइटच्या कुकीज वेगवेगळ्या डब्यांत ठेवणे सर्वांसाठी चालू केले. गूगलने मात्र क्रोममधून त्या हटवण्याची घोषणा केली आणि 2024 मध्ये ती मागे घेतली. म्हणून घरासाठी मी फायरफॉक्स सुचवतो. त्यात ट्रॅकिंगपासूनचे संरक्षण 'स्ट्रिक्ट'वर ठेवावे आणि सोबत यूब्लॉक ओरिजिन हे मोफत एक्स्टेन्शन घ्यावे. क्रोममध्ये आता त्याची केवळ 'लाइट' आवृत्ती चालते. तीही काही नसण्यापेक्षा खूप बरी. एखादे पान, विशेषतः बँकेचे किंवा सरकारी, नीट उघडले नाही, तर पत्त्याच्या डावीकडील ढालीवर क्लिक करून तेवढ्या साइटपुरते संरक्षण उतरवावे.

संपूर्ण घरासाठी एकच उपाय हवा असेल तर राउटरमध्ये डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून ॲडगार्डचे 94.140.14.14 आणि 94.140.15.15 हे पत्ते भरावेत, म्हणजे त्या राउटरवरून चालणाऱ्या फोन व टीव्हीवरचेही अनेक ट्रॅकर थांबतात. विंडोजच्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये जाहिरात-ओळख आणि ऐच्छिक निदान माहिती बंद करावी. गूगल खात्यातील 'माय ॲड सेंटर'मध्ये व्यक्तिगत जाहिराती बंद करता येतात, पण त्याने जाहिरातींची संख्या घटत नाही, केवळ त्या तुमच्या मागावर राहत नाहीत. इन्कॉग्निटो खिडकी घरातल्या दुसऱ्या माणसापासून इतिहास लपवते. संकेतस्थळे त्यातही तुम्हाला पाहतात.

राहिला मावशीचा फॉन्ट. मराठी लिहिण्यासाठी काहीही उतरवण्याची गरज नाही. विंडोजमध्ये निर्मला हा देवनागरी फॉन्ट असतोच. 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, आणि 2019 च्या मे महिन्यातील अपडेटपासून उच्चाराप्रमाणे टाइप करण्याचा फोनेटिक कीबोर्डही त्यात आहे. मावशीला तो जोडून दिला आणि तिने पहिल्याच बैठकीत भिशीची सगळी यादी टाइप केली. आठ दिवसांनी जाऊन एक्स्टेन्शनचे पान, आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी, सूचनांच्या परवानग्या आणि एक्स्क्लूजन्स ही चार ठिकाणे पुन्हा उघडून पाहिली. चारही जागा मी साफ करून ठेवल्या होत्या तशाच होत्या.